बालाघाटातल्या मुरमाच्या रस्त्यांवर एक दिवस: किती किलोमीटर धरायचे?

लातूरच्या एका ताईंचा प्रश्न असा आहे: "डांबरी रस्त्यावर २०० किलोमीटरची ब्रेव्हे वेळेत पूर्ण केली आहे. आता डिसेंबरात सायकलवर सामान बांधून सौताडा, कुंथलगिरी, येरमाळा, रामलिंग करत तुळजापूरपर्यंत जायचंय, होता होईल तेवढं कच्च्या रस्त्यांनी. रोज १०० किलोमीटर धरले तर दोन दिवसांत होईल ना? आणि असा एक दिवस नेमका आखायचा कसा?"

ताई, दोन दिवसांत नका करू. तीन दिवस घ्या आणि रोजचे ६० ते ६५ किलोमीटर धरा. तुमच्या पायांबद्दल मला शंका नाही. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. तिला २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरूनही ताशी १५ चा वेग पुरतो. तो हिशोब डांबराचा झाला. सामान लादलेली सायकल, खाली मुरूम नाहीतर उघडी पडलेली खडी, मधेच उतरून ढकलायला लावणारे चढ, अशा वाटेवर चाक फिरत असतानाचाच वेग ताशी १० ते १२ असतो. डिसेंबरात आपल्याकडे सातच्या सुमारास उजाडतं आणि सहाच्या आसपास दिवस मावळतो. मुक्कामाच्या गावी पाचला पोचायचं असं धरलं तर हातात दहा तास राहतात. त्यातला दीड तास दुपारच्या जेवणाचा आणि सावलीचा. एक तास पाणी भरण्यात, चहात आणि वाट विचारण्यात जातो. आणखी एक तास पंक्चर, तुटलेला पट्टा किंवा चुकलेली वाट यासाठी बाजूला ठेवायचा. उरले साडेसहा तास. ताशी दहाने ६५ किलोमीटर. हा आकडा कमी वाटला तरी दिवसभरात ८०० ते १,००० मीटर चढ त्यात येऊन जातो. बालाघाटाचे चढ लांब नसतात. ते आखूड, उभे आणि पुन्हा पुन्हा येणारे असतात.

ताशी दहा हा आकडासुद्धा पायाखाली काय आहे त्यावर ठरतो, म्हणून आधी रस्त्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो. नकाशावर ज्या रेघा एकसारख्या बारीक दिसतात, त्यांत किमान चार जाती आहेत. पहिली, कधीतरी डांबर पडलेले आणि आता निम्मे उखडलेले गावजोड रस्ते. यांवर कडेची मातीची पट्टी धरून चालवायचं, मधल्या खड्ड्यांपेक्षा ती बरी असते. दुसरी, खडीकरण करून सोडून दिलेले. डांबर यायचं राहिलेलं असतं आणि खडी सुटी होऊन लोळत असते. सगळ्यांत दमवणारी वाट हीच. तिसरी, मुरमाचे शिवरस्ते. दाबून बसलेला मुरूम असेल तर डांबराइतकंच सुख मिळतं. चौथी म्हणजे पाणंद, शेताशेतांमधून जाणारी जुनी गाडीवाट. ती सुंदर असते, पण कधी सरळ कुणाच्या तुरीत जाऊन संपते. गेल्या काही वर्षांत मातोश्री पाणंद रस्ते योजनेतून बऱ्याच पाणंदी मोकळ्या आणि मजबूत झाल्या आहेत. त्यामुळे जुन्या अनुभवावर एखादी वाट बाद ठरवू नका. उलट नकाशात आहे म्हणून ती आज चालू असेल असंही धरू नका.

बालाघाट वाचायची एक खूण सांगतो. माळ आणि खोरं. हा सगळा प्रदेश बेसॉल्टचा, दख्खनच्या लाव्ह्याचा. वरच्या माळावर खडक झिजून मुरूम झालाय, आणि झिजलेली बारीक माती शतकानुशतकं वाहत खाली खोऱ्यात जाऊन काळं रान झालंय. पाऊस झाला की माळावरचा मुरूम पाणी पिऊन काही तासांत वाळतो. खोऱ्यातली काळी माती दोन-दोन दिवस वाळत नाही. डिसेंबरात अवकाळी सरी आपल्याला नव्या नाहीत. अशी एखादी सर येऊन गेली तर त्या दिवशीचा मार्ग माळावरून वळवा, पंधरा किलोमीटर वाढले तरी चालतील. निघण्याआधी उपग्रहाच्या चित्रात रस्त्याचा रंग बघून ठेवा. तांबूस-पांढुरकी रेघ म्हणजे मुरूम, गडद करडी म्हणजे काळं रान.

काळ्या मातीला हलक्यात घेऊ नका. तिच्यातली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि टायरला थरावर थर धरत जाते. पहिल्या दहा मीटरांत काही वाटत नाही. मग टायरची नक्षी दिसेनाशी होते. चिखलात गवताच्या काड्या आणि खडे मिसळतात, आणि चिमटा (चाक धरणारा चौकटीचा भाग) व टायर यांच्यातली जागा भरून पुढचं चाक जागच्या जागी थांबतं. अशा वेळी जोर लावून पॅडल मारलं की मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्राचा, हँगर वाकतो किंवा तुटतो. तो जिथं तुटतो तिथून सायकलचं मोठं दुकान बीड, धाराशिव नाहीतर लातूरलाच. म्हणून चाक जड व्हायला लागल्याबरोबर उतरा. ढकलूही नका, ढकलतानाही चाक मातीच गोळा करतं. बांधावरच्या गवतातून सायकल उचलून न्या. लांब पल्ला असेल तर थांबा. काडीनं किंवा तंबूच्या खुंटीनं चिमट्यातली माती काढायची आणि सायकल उन्हात आडवी ठेवायची. तासाभरात तिचे पापुद्रे आपोआप सुटतात. ओली असताना जी माती निम्मा तास खरवडून निघत नाही, ती वाळल्यावर दोन टपल्यांत पडते. या भागात मडगार्ड लावू नका. आपल्या सायकलच्या मापाचा एक जादा हँगर मात्र नक्की जवळ ठेवा.

माळावरची सर्वांत चांगली वाट कोणती, तर पवनचक्क्यांची. पाटोदा, भूम, वाशी, धाराशिव या पट्ट्यात माळ पवनचक्क्यांनी भरलेत. तिथवर क्रेन आणि पात्यांचे लांबलचक ट्रेलर न्यायचे म्हणून रुंद मुरमाचे रस्ते बांधलेले आहेत. एवढे लांब ट्रेलर उभा चढ चढत नाहीत आणि अरुंद वळणावर वळत नाहीत, म्हणून चढ सौम्य आणि वळणं ऐसपैस. सामान लादलेल्या सायकलला याहून काय हवं! दोन गोष्टी सांभाळा. यातले कित्येक फाटे एकेका पवनचक्कीपाशी जाऊन संपतात, तेव्हा आधी चित्रात बघून एका टोकाला आत शिरून दुसऱ्या टोकाला बाहेर पडता येतं का ते तपासा. आणि जिथं फाटक किंवा पहारेकरी असेल तिथं उतरून बोला. हे रस्ते सगळेच सार्वजनिक नसतात. तो नाही म्हणाला तर वाद न घालता मागं फिरा. वारा मोठा असतो हेही ध्यानात ठेवा. हिवाळ्यात तो बहुतेक पूर्व-ईशान्येकडून येतो आणि तुमची पहिल्या दिवसाची दिशा आग्नेय आहे, म्हणजे सकाळभर तो डाव्या खांद्यावर आणि तोंडावर घ्यावा लागेल. वारा वाढायच्या आत माळावरचं जास्तीत जास्त अंतर काढून घ्यावं.

वाट विचारायचीही एक रीत आहे. "किती लांब आहे?" या प्रश्नाला आपल्या गावांत एकच उत्तर मिळतं, "हे काय, हितंच तर हाय." सांगणारा खोटं बोलत नाही. तो रोज मोटारसायकलवर जातो, त्याला ते तेवढंच वाटतं. म्हणून अंतर विचारू नका. "ट्रॅक्टर जातो का? टमटम जाते का? ओढ्यावर पूल आहे की पाण्यातून जावं लागतं?" असं विचारा. टमटम जात असेल तर सायकल चालवत जाता येईल. नुसता ट्रॅक्टर जात असेल तर निम्मं ढकलायची तयारी ठेवा. फक्त बैल आणि शेळ्या जात असतील तर दुसरी वाट शोधा. शक्यतो गुराख्याला किंवा दूध घालायला निघालेल्या माणसाला विचारा. खव्याच्या भट्टीवर दूध पोचवणाऱ्यांना त्या शिवारातला दगडन् दगड माहीत असतो.

आता प्रत्यक्ष दिवस. पहिला दिवस सौताडा ते कुंथलगिरी घ्या. सौताड्याचा धबधबा डिसेंबरात बारीक झालेला असतो. तरी खाली दरीतल्या रामेश्वराकडे बघून निघायला मजा येते. तो धबधबा विंचरणा नदीचा. ती पुढं जामखेडवरून सीनेला मिळते आणि सीना भीमेला. म्हणजे सकाळी तुम्ही कृष्णेच्या खोऱ्यात आहात. तिथून पाटोद्याकडं आलात की त्याच तालुक्याच्या डोंगरात मांजरेचा उगम आहे. ती लातूरवरून वळसे घेत गोदावरीला मिळते. नाश्ता पचायच्या आत एका मोठ्या नदीच्या खोऱ्यातून दुसरीच्या खोऱ्यात गेल्याचं वाटेवरची कुठलीच पाटी सांगत नाही, पण ओढे कुठल्या बाजूला वाहताहेत ते बघत गेलं की कळतं. तुम्ही लातूरच्या. तुमच्या घरी नळाला येणारं मांजरेचं पाणी जिथून निघतं ते रान एकदा सायकलवरून बघाच.

निघायची वेळ पावणेसात-सात. त्याआधी निघण्यात अर्थ नाही. गारठ्यात बोटं ब्रेकवर नीट चालत नाहीत, आणि अंधारात मुरमावरचे खड्डे दिव्याच्या उजेडात सपाट भासतात. उठल्या उठल्या गरम काहीतरी पोटात जाऊ द्या. खरा नाश्ता दीड-दोन तासांनी पहिल्या मोठ्या गावात करायचा. सुशीला मिळाला तर पहिली पसंती त्याला. मुरमुऱ्यांचा म्हणून हलका, वर शेंगदाणे, आणि पोटात जड होत नाही. भज्यांचा मोह दुपारनंतरसाठी राखून ठेवा. चालता चालता दर तासाला थोडं थोडं खात राहायचं. केळं, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे, खारीक. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. घरून नेण्यासारखी सगळ्यांत कामाची वस्तू म्हणजे दशमी. दुधात भिजवलेल्या पिठाची म्हणून दोन दिवस मऊ राहते. जोडीला शेंगांची चटणी. धपाटेही चांगले, पण ते पहिल्या दिवशीच संपवा. भूम-वाशीच्या खव्याचं नाव तुम्हाला माहीतच असेल. त्या पट्ट्यात शिरल्यावर पावशेर पेढे घेऊन हँडलच्या पिशवीत टाका. संध्याकाळच्या शेवटच्या चढाला त्यांच्याइतकं उपयोगी पडणारं पाकीटबंद खाणं मी तरी अजून चाखलेलं नाही.

पाण्याबद्दल मी फार आग्रही आहे. दिवसाचा आराखडा मी नेहमी पाण्यापासून सुरू करतो. नकाशावर आधी पाण्याच्या जागांच्या खुणा करायच्या आणि मग त्या जोडणारा रस्ता शोधायचा. आष्टी-पाटोदा हा पर्जन्यछायेतला, कायम दुष्काळाच्या तोंडावरचा भाग. डिसेंबरात विहिरींना पाणी असतं, पण माळावर दहा-दहा, बारा-बारा किलोमीटर काहीच नसतं. थंडीतही माणशी किमान चार लिटर घेऊन निघा आणि दोन लिटर उरले की भरायची जागा शोधायला लागा. गावात शिरल्यावर फिल्टरचं पाणी कुठं मिळतं ते विचारा. आता बऱ्याच गावांत ते पाच-दहा रुपयांत मिळतं. नसेल तर शाळा, मंदिर किंवा चालू असलेला हापसा. विहिरीचं किंवा हापशाचं पाणी असेल तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. ऊन चढल्यावर नुसतं पाणी पीत राहिल्यानं पेटके थांबत नाहीत. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे दवाखान्यातलं जलसंजीवनीचं प्रमाण पाठ करा आणि लिंबू सोबत ठेवा. पाण्याचं वजन शक्य तितकं खाली, चौकटीच्या तळाशी किंवा चिमट्याच्या दोन्ही बाजूंना बांधा. हँडलवर दोन लिटर टांगलं तर सुट्या खडीवर पुढचं चाक ऐकत नाही.

बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसलेली आणखी एक गोष्ट. दसरा-दिवाळीनंतर पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, केज या तालुक्यांतली निम्मी गावं ऊसतोडीला गेलेली असतात. कोयता घेऊन जोडपीच्या जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. डोंगरातल्या वस्त्यांवर आणि तांड्यांवर त्या दिवसांत म्हातारी माणसं आणि शाळकरी लेकरं तेवढी उरतात. याचा तुमच्या दिवसावर थेट परिणाम होतो. नकाशावर वस्ती दिसली म्हणजे तिथं दुकान उघडं असेल, जेवण मिळेल, असं धरू नका. आणि जिथं एखादी आजी दारात बसलेली दिसेल, तिथं पाणी मागताना आपण कुणाकडे मागतोय याचं भान ठेवा. ती नाही म्हणणार नाही. घरात दोन घागरी असल्या तरी एक तुमच्यापुढं ठेवेल. "कुठं चाललाव? बसा, आधी पाणी प्या," हे ऐकल्याशिवाय तिथला दिवस जात नाही. अशा दारी बाटल्या भरून घेऊ नका. तांब्याभर प्या, घटकाभर बसून बोला, लेकरांसाठी खाऊ असेल तर द्या, आणि साठ्याचं पाणी पुढच्या मोठ्या गावातून घ्या. त्याच हंगामाची दुसरी बाजू डांबरी रस्त्यावर भेटते. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, परावर्तक नाही, टेपवर गाणी एवढी मोठ्यानं की घंटी ऐकू जात नाही. संध्याकाळनंतर डांबरावर राहू नका, असं मी आग्रहानं सांगतो त्याचं मुख्य कारण हे.

दुपारी बारा ते दीड सावली धरा. माळावर झाडं मोजकीच, म्हणून लिंब किंवा पिंपळ असलेलं देऊळ आधीच हेरून ठेवा. जेवण, बूट काढून पाय मोकळे करणं आणि सायकलवर एक नजर, एवढंच. झोपू नका. उठल्यावर पाय दगड झालेले असतात.

सायकलवरची नजर म्हणजे मुख्यतः काटे. आपल्याकडच्या पंक्चरांमागं तीन गुन्हेगार. बाभळीचा पांढरा सरळ लांब काटा, बोरीचा आकडेबाज काटा, आणि कडेच्या गवतात वाळून पडलेला सराटा. शेताला कुंपण करायला बाभळी-बोरीच्या फांद्या ओढत नेतात, तेव्हा गाडीवाटेवर काट्यांचा सडा पडतो. हा उद्योग पिकं वाढत असताना, म्हणजे नेमका तुमच्याच दिवसांत चालतो. तेव्हा शेताच्या तोंडाशी, जिथं वाटेवर फांद्यांचे ओरखडे दिसतील तिथं, उतरून सायकल उचलून न्या. थांबताना सायकल कडेच्या गवतात टेकवू नका. सराटे तिथंच असतात.

ट्यूबलेस टायर असेल आणि काटा रुतलेला दिसला तर घाईनं उपटू नका. काट्यानंच भोक बुजवलेलं असतं. काढायचाच तर चाक फिरवून भोक खाली, जमिनीकडं आणा म्हणजे आतलं सीलंट, भोक बुजवणारं पातळ रसायन, तिथं गोळा होईल. मग काटा ओढा, पाच-दहा सेकंद तसंच धरा, आणि सायकल हळू पुढं-मागं करा. पांढरा थेंब बाहेर येऊन घट्ट झाला की काम झालं. आपल्या हवेत सीलंट लवकर सुकतं. निघण्याच्या आठवडाभर आधी ताजं भरा, मागच्या पावसाळ्यातल्यावर भरवसा ठेवू नका. ट्यूब वापरत असाल तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. बोट फिरवू नका. बाभळीचं टोक आत मोडून राहिलेलं असतं आणि ते बोटातही मोडतं. फडक्याचा धागा जिथं अडकेल तिथं काटा. तो बाहेरून दिसत नाही आणि चिमट्यालाही सापडत नाही, म्हणून आतून नखकटरनं धरून ओढायचा. हे न करता ट्यूब बदलणारा माणूस अर्ध्या तासात पुन्हा त्याच जागी बसलेला असतो. बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह असेल तर छोटा पितळी अडॅप्टर जवळ बाळगा. तो असला की कुठल्याही गावातल्या मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याकडं हवा भरता येते.

टायर दोन इंचांच्या आतले नकोत. २.१ किंवा २.२ असेल तर उत्तम. हवा डांबराच्या सवयीनं कडक भरू नका. साठ-सत्तर किलोच्या माणसाला सामानासकट ट्यूबलेसमध्ये २५ ते ३० पीएसआय पुरते, ट्यूबला त्याहून थोडी जास्त. सुट्या खडीच्या उतारावर या हवेचा फरक कळतो. उतारावर शरीर मागं घ्या, दोन्ही पॅडल एका पातळीवर ठेवा, आणि पुढचा ब्रेक वळणाच्या आधी सरळ रेषेत लावून सोडून द्या. वळणात पुढचा ब्रेक दाबला तर खडीवर चाक निसटणारच. वेग आधीच कमी करून उतरायचं. उतारात मिळवलेली पाच मिनिटं या वाटेवर कुणाच्या कामाला येत नाहीत.

बाकी सामानाचं थोडक्यात. महागडी सायकल लागत नाही. साधी पुढच्या सस्पेन्शनची माउंटन बाईक उत्तम चालते. पुढं ३२ दात्यांची चकती आणि मागं किमान ४२ दात्यांची मोठी चकती असू द्या, म्हणजे उभ्या चढाला पाय सुटत नाहीत. साखळीला पातळ किंवा मेणाचं वंगण लावा. घट्ट तेलावर मुरमाची धूळ बसून लेप तयार होतो. पाणी सोडून सगळं सामान आठ-नऊ किलोंत बसवा. रात्री पारा दहाच्या आसपास किंवा खाली उतरतो, तेव्हा उबदार झोपण्याची पिशवी हवी. फोन विमान मोडवर, नकाशे आधीच उतरवून घेतलेले, आणि बुडाशी एक पॉवर बँक. दऱ्यांमध्ये रेंज शोधण्यातच बॅटरी संपते.

आता मुक्काम. कुंथलगिरी निवडायचं कारण तिथं जैनांचं सिद्धक्षेत्र आहे आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा आहे. आधी फोन करून खोलीचं विचारून ठेवा. जेवण सूर्यास्ताआधी व्हायचं, हे धरूनच पाचला पोचा. उशिरा पोचून आग्रह करणं बरं दिसत नाही. तिथं जमलं नाही तर जवळच्या गावात ग्रामपंचायतीत नाहीतर पोलीस पाटलांना भेटा. आपण कोण, कुठून आलो, सकाळी किती वाजता निघणार, हे उजेडातच सांगितलं की देवळाचा सभामंडप किंवा शाळेचा व्हरांडा मिळायला अडचण येत नाही. अंधार पडल्यावर तंबू लावणाऱ्या अनोळखी माणसाकडं गाव संशयानं बघतं, आणि त्यात गावाची चूक नाही.

शेतात मात्र तंबू लावू नका. हे मी फार निक्षून सांगतो. रानडुकरांसाठी काही ठिकाणी कुंपणात वीज सोडलेली असते आणि अंधारात ती तार दिसत नाही. उसाच्या कडेला बिबट्याचा वावर असतो. २०२० च्या हिवाळ्यात आष्टी आणि करमाळा तालुक्यांत बिबट्यानं माणसं मारली होती, ते लोक विसरलेले नाहीत. तुमच्या दुसऱ्या मुक्कामाजवळच्या येडशी-रामलिंग अभयारण्यात तर डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्याकडून आलेला वाघ कॅमेऱ्यात दिसला होता. घाबरायचं कारण नाही, पण अभयारण्यातून जाणारी कच्ची वाट वनविभागाला विचारल्याशिवाय घेऊ नका आणि सूर्य मावळल्यावर तर नाहीच. फुरशांचंही तसंच. मुरमाड दगडी जमीन त्यांना आवडते. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका, सकाळी बूट झटकून घाला. चावलंच तर चिरणं, बांधणं, मंत्र काही नाही. पाय हलवू न देता १०८ ला फोन. प्रत्येक टप्प्यावर जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं ते कागदावर लिहून ठेवा, फोनमध्ये नको.

धनगरांच्या मेंढरांमागची कुत्री अंगावर आली तर पळू नका. उतरा, सायकल मध्ये धरा आणि मालकाला हाक मारा. हाक ऐकली की तो कुत्र्यांना आवरतोच.

दुसऱ्या दिवशी सरमकुंडी, वाशीवरून येरमाळ्याकडं जाताना धुळे-सोलापूर महामार्ग दोन-तीनदा आडवा येईल. तो ओलांडायचा फक्त, त्यावरून जायचं नाही. तिसऱ्या दिवसाचं अंतर कमी आहे, ते तसंच राहू द्या. काही बिघडलं तर येडशी आणि धाराशिव, दोन्हीकडं रेल्वे स्थानक आहे आणि तिथून लातूरला परत येता येतं.

एकटीनं जावं का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेल म्हणून लिहितो. दिवसा या वाटांवर एकट्या बाईला बहुतेक ठिकाणी आदरच मिळतो, आणि वस्तीवरच्या बायका पुरुष सायकलस्वारापेक्षा तुम्हाला जास्त मोकळेपणानं घरात घेतील. तरी पहिली फेरी एखादी जोडीदारीण घेऊन करा. कारण माणसांचं नाही, सायकलचं आहे. काळ्या मातीतून ती दोघींनी मिळून उचलली तर अर्ध्या कष्टात निघते, आणि माळावर पाय मुरगळला तर एकीनं थांबायचं आणि दुसरीनं गावात जायचं, हे शक्य होतं. तारीख ठरवताना वेळ अमावस्या, म्हणजे शेतात जाऊन जेवायचा आपल्याकडचा सण, कधी आहे ते बघा. तुमच्या घरी तुम्ही येळवस करतच असाल. त्या दिवशी दुपारी जिथं असाल तिथल्या शेतातून भज्जी-आंबिलीला हाक येणार, आणि त्या हाकेला नाही म्हणता येत नाही. तेवढ्यासाठी त्या दिवसाचे ४० किलोमीटरच धरा.